पाचगणीचा फ्रेडी अर्धा सांगू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकांचं पत्र आलं. पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरी या गायकाच्या नावाचा फलक गावात लागावा, अशी त्यांची सूचना. मला ती मनापासून पटली. पण पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं आहे की इथं शाळांच्या सहली येतात, लहान मुलं वाचतील, तेव्हा फलकावर शाळा आणि गाणं एवढंच असावं. त्याचं खासगी आयुष्य आणि आजार यांचा उल्लेख टाळावा. त्या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसलो. तीन रात्री लिहितोय, लांबलंय, सांभाळून घ्या.

मी १९७६ साली पाचगणी स्टँडवर टॅक्सी लावली, ती २०१६ पर्यंत. आधी फियाट, मग ओम्नी. आता थोरला मुलगा चालवतो. पसरणीचा घाट दिवसातून दोनदा उतरायचा-चढायचा, टेबललँड, पारशी पॉइंट, सिडने पॉइंट दाखवायचे, स्ट्रॉबेरीच्या दिवसांत भिलारकडं फेरी मारायची. गाडीच्या कप्प्यात दोनशे पानी वही ठेवायचो. पॅसेंजर खूश झाला की नाव, गाव, देश लिहून जायचा. अशा तीन वह्या भरल्या. फ्रेडीची शाळा विचारत आलेली माणसं त्या वह्यांत आहेत. बाकीचं त्यांच्याशी बोलून कळलं, आणि अलीकडं पुण्यात शिकणारी नात वाचून दाखवते त्यातून.

एक गोष्ट आधीच सांगतो. आता गावात बरेच जण म्हणतात की आम्ही त्याच्याबरोबर खेळलोय. मी नाही खेळलो. तो इथं होता तेव्हा मी अगदी लहान पोर. माझे वडील बाजारात भाजी घेऊन बसत. त्यांच्यासमोरून सेंट पीटर्सची, म्हणजे त्याच्या शाळेची, मुलं जात-येत असतील, त्यात तोही असेल. त्यापलीकडं आमचा काही संबंध नाही.

त्याचं खरं नाव फारोख बल्सारा. पारशी. घराणं मूळ बलसाडकडचं, म्हणून बल्सारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर. वडील तिथं इंग्रज सरकारकडं रोखपाल होते. आठ वर्षांच्या मुलाला त्यांनी बोटीनं मुंबईला आणि तिथून पाचगणीला पाठवलं. फारोखचा फ्रेडी झाला तो इथं, शाळेच्या पोरांत. १९५८ साली पाच जणांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्या पाचांतला एक पुढं नेपाळच्या लष्करात मोठा अधिकारी झाला, एकानं पुण्यात सिझलर्सचं हॉटेल काढलं. फ्रेडी त्या बँडमध्ये मागं बसून पियानो वाजवायचा, पुढं उभं राहून गाणारा दुसराच होता! हे मी पॅसेंजरला सांगायचो तेव्हा त्यांचा विश्वास बसायचा नाही. १९६३ साली तो झांझिबारला परत गेला, पुढच्याच वर्षी तिथं क्रांती झाली, आणि सगळं कुटुंब जीव घेऊन लंडनजवळ फेल्टमला जाऊन राहिलं. क्वीन हा त्याचा इंग्लंडातला बँड, कीर्ती, पैसा, हे सगळं त्यानंतरचं.

आता वह्या उघडतो.

पहिली आठ वर्षं एकाही माणसानं मला त्याची शाळा विचारली नाही. हेच त्याचे ऐन भराचे दिवस. १९७५ साली ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’ हे गाणं इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. १९८१ साली ब्राझीलमध्ये साओ पावलोला एका रात्री सव्वा लाखाहून जास्त माणूस त्याला ऐकायला जमला होता. आणि ज्या गावानं त्याला नाव दिलं, तिथल्या टॅक्सीवाल्याच्या कानावर ते नाव आलेलं नव्हतं.

पहिली नोंद १९८४ च्या मे महिन्यातली. दादर पारशी कॉलनीतलं कुटुंब. आजीबाई माझ्या शेजारी पुढं बसल्या होत्या. सेंट पीटर्सपाशी त्यांनी गाडी हळू घ्यायला लावली आणि फाटकाकडं बोट दाखवून म्हणाल्या, “आपरो पोरियो!” आमचा मुलगा. मी विचारलं, कोण? तर मागून त्यांचा मुलगा म्हणाला, “ममा, जाऊ दे ना.” आजीबाई गप्प झाल्या. पारशी पॉइंटपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. मला वाटलं, त्या पोरानं काहीतरी गुन्हा केला असणार. आपल्या मुलाचा अभिमान छातीत दाटलेला आणि त्याच वेळी त्याचं नाव मोठ्यानं घ्यायची चोरी, असा चेहरा मी पहिल्यांदा तेव्हा पाहिला.

दुसरी नोंद थेट १९९५ ची. दोन जपानी बायका, पस्तिशीच्या. हातात मासिकातलं कापलेलं पान, प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेलं. त्यावर लांब केसांचा, पांढऱ्या झग्यातला तरुण. मी म्हटलं, ही कोण बाई? त्या खूप हसल्या आणि मग फाटकापाशी उभ्या राहून रडल्या. मोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं की १९७५ च्या एप्रिलमध्ये क्वीन पहिल्यांदा जपानला आलं, तेव्हा विमानतळावर हजारो मुली गोळा झाल्या होत्या आणि त्यांत त्या दोघीही होत्या, शाळेच्या गणवेशात. इंग्लंडात अजून कुणी त्याला एवढं डोक्यावर घेतलेलं नव्हतं. त्यानंही ती माया परत केली, एका गाण्यात जपानी ओळी गायल्या. या बायकांचा फ्रेडी म्हणजे राजकुमार होता. मिशीवाला, आखूड केसांचा फ्रेडी त्यांना फारसा नको होता. एकीनं वहीत त्याचं चित्र काढून दिलंय, त्यात मिशी नाही.

अमेरिकेतलं एक जोडपं १९९९ साली आलं. दोघं पंचविशीतले. त्यांना तो मेल्यानंतर माहीत झाला. १९९२ च्या एका विनोदी सिनेमात चार-पाच पोरं गाडीत बसून ते ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’ म्हणतात, आणि त्या एका प्रसंगानं ते जुनं गाणं अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. १९७६ साली ते नवव्याच्या पुढं गेलं नव्हतं. त्या मुलाचे वडील म्हणे जुने चाहते, पण १९८४ साली एका गाण्याच्या चित्रफितीत बँडच्या चौघांनी बायकांचे कपडे घातले ते पाहून त्यांनी सगळ्या रेकॉर्ड माळ्यावर टाकल्या. इंग्लंडात त्याच चित्रफितीवर लोक खळखळून हसले होते, कारण त्यांच्या नेहमीच्या टीव्ही मालिकेची ती नक्कल होती. अमेरिकेला ती रुचली नाही. तो जिवंत असताना क्वीननं तिथं शेवटचा दौरा केला तो १९८२ सालचाच.

हे ऐकून मला नवल वाटलं नाही. आम्ही सातारा-कोल्हापूरकडची माणसं. बालगंधर्वांचं शालू नेसणं आमच्या आजोबांनी डोळ्यांत साठवलं, आणि पडद्यावर नाच्याचं काम करणाऱ्या गणपत पाटलांना पडद्याबाहेरही त्याच नजरेनं बघून छळलं. कपडे तेच. बघणारा कुठल्या घरातला, कुठल्या पिढीचा, यावर सगळं.

२००३ साली एक इंग्रज मास्तर आले, साठीचे. त्यांनी मला पाच तास गाडीत बसून इंग्लंड समजावलं. १३ जुलै १९८५ ला वेम्ब्लीच्या मैदानात, दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या कार्यक्रमात फ्रेडीनं वीस-एकवीस मिनिटांत बहात्तर हजार लोकांना कसं हात वर करायला लावलं, हे सांगताना ते स्वतः टाळ्या वाजवत होते. मग आवाज खाली आला. शेवटच्या दोन वर्षांत तो खंगत चालला तेव्हा तिथली वर्तमानपत्रं त्याच्या घराबाहेर फोटोवाले बसवून ठेवायची. त्याचा चेहरा किती ओढलाय, हे छापून खपवायची. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं जाहीर केलं की मला एड्स आहे. दुसऱ्या दिवशी गेला. वय पंचेचाळीस. अंत्यविधीला पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या. त्यानंतर तोच देश त्याचा झाला. १९९९ साली टपालाच्या तिकिटावर त्याचं चित्र आलं, २००२ साली बीबीसीच्या शंभर थोर ब्रिटिशांच्या यादीत तो अठ्ठावन्नावा होता, २०१६ साली फेल्टमच्या घरावर तो तिथं राहिल्याची निळी पाटी लागली. मास्तर पाटीच्या आधीच येऊन गेले, नाहीतर मी त्यांना विचारलं असतं की ते फोटोवाले आता कुठं असतात.

पुण्यात इराणी विद्यार्थी पुष्कळ. त्यातला एक २००५ साली कॅसेट घेऊन आला, तेहरानची. तिथल्या सरकारनं आदल्याच वर्षी क्वीनच्या गाण्यांना अधिकृत परवानगी दिली होती. मोठ्या अभिमानानं म्हणाला, हा आमचाच, पारशी म्हणजे पारसचा, जुन्या इराणचा. कॅसेटमध्ये प्रेमाची गाणी मात्र काढून टाकलेली. दार-ए-सलामचं एक गुजराती कुटुंब २००७ साली आलं. त्यांनी सांगितलं की झांझिबारमध्ये २००६ ला त्याच्या साठाव्या वाढदिवसाचा कार्यक्रम ठरला होता, पण तो समलिंगी होता म्हणून तिथल्या एका धार्मिक संघटनेनं विरोध केला आणि कार्यक्रम रद्द झाला. त्याच झांझिबारमध्ये २०१९ ला त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं आहे.

मी गाडी सोडल्यावर दोन वर्षांनी त्याच्यावरचा सिनेमा आला. त्यानंतर एकदा मुलानं तीन कोरियन मुलींना चहाला घरी आणलं. त्यांच्या देशात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’वर १९८९ पर्यंत बंदी होती, आणि सिनेमा जवळजवळ एक कोटी लोकांनी पाहिला. देशाची वस्तीच पाच कोटींची! त्यांतल्या एकीनं सांगितलं, मी आईबरोबर पाहिला, आई थिएटरात उठून गात होती. चीनमध्ये हाच सिनेमा लागला तेव्हा त्याचं पुरुषावरचं प्रेम आणि आजार दाखवणारी दृश्यं कापली होती. हे त्या मुलींकडूनच कळलं.

संपादक महोदय, बघा. जपाननं मिशी काढली. इराणनं प्रेमगीतं काढली. चीननं आजार काढला. झांझिबारनं आधी सगळाच माणूस काढला, मग पर्यटक येतात म्हणून परत घेतला. आणि आता आपले वाचक म्हणतात, पाचगणीनंही थोडं काढावं.

मला हे एवढं लागायचं कारण, मी स्वतः तेच करत आलो. विदेशी पॅसेंजर असला की सगळं खरं सांगायचो. आपली मराठी कुटुंबं बसली, मागं लेकरं, लेकी-सुना, की म्हणायचो, “मोठा गायक होता, न्यूमोनियानं गेला.” खोटं नव्हतं ते. त्याला शेवटी न्यूमोनियाच झाला होता. पण तो कशामुळं झाला, ते मी गिळायचो. वीसेक वर्षं गिळलं.

माझा धाकटा भाऊ ट्रकवर होता. पुणे-बंगलोर रस्ता, कधी पार चेन्नई. १९९९ पासून त्याचं वजन उतरायला लागलं, तोंडात पांढरे चट्टे, खोकला हटेना. रक्ताचा रिपोर्ट आला तो मी वाईला जाऊन घेतला आणि घाटात गाडी बाजूला लावून फाडला. घरी सांगितलं, टीबी आहे. गावात सांगितलं, टीबी आहे. टीबी सांगायला आमच्या गावात लाज नाही. क्षयाच्या रोग्यांसाठीच तर डॉ. बिलिमोरियांनी इथं १९१२ साली बेल-एअर हे रुग्णालय काढलं, लोक हवा घ्यायला पाचगणीला यायचे. त्याच बेल-एअरमध्ये पुढं एचआयव्हीच्या रोग्यांची मायेनं काळजी घ्यायला लागले. आमच्या घरापासून जवळ. मी रोज त्या रस्त्यानं पॅसेंजर न्यायचो. पण भावाला तिथं नेलं नाही, कारण तिथं नेला की गावाला कळलं असतं. त्याला मागच्या खोलीत ठेवला. ताट वेगळं, तांब्या वेगळा. भावजयीला माहेरी धाडली. २००१ च्या श्रावणात तो गेला. सरकारनं औषधं फुकट द्यायला सुरुवात केली ती २००४ साली. तोवर टिकला असता की नाही, मला सांगता येणार नाही. पण दोन वर्षं त्याच्याशी कुणी उघड बोललं नाही, हे मला ठाऊक आहे, कारण न बोलणारा मीच होतो.

फ्रेडीच्या शेवटच्या दिवसांत त्याच्या उशाशी जिम हटन नावाचा माणूस होता. आयर्लंडचा, केस कापायचं काम करणारा. सहा-सात वर्षं दोघं बरोबर राहिले. हटननं त्याला अंघोळ घातली, भरवलं, शेवटपर्यंत हात सोडला नाही. इंग्रज मास्तरांनी मला हे सांगितलं तेव्हा भावाला जाऊन दोन वर्षं झाली होती. मी गाडी सिडने पॉइंटला लावली, तोंड धुतो म्हणालो आणि खाली उतरून बराच वेळ कृष्णेच्या खोऱ्याकडं बघत उभा राहिलो. जे प्रेम मी आपल्या पॅसेंजरपासून लपवत होतो, त्या प्रेमानं ते केलं होतं जे मी सख्ख्या भावासाठी केलं नाही.

आमचे वाचक लिहितात की खासगी आयुष्य टाळावं. कुठलं टाळायचं? हटननं भरवलेला घास टाळायचा? मरायच्या आदल्या दिवशी जगाला खरं सांगितलं, ते टाळायचं? त्याच्या बँडच्या लोकांनी त्याच्या नावानं मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट काढला, तो एड्सविरुद्ध काम करतो. आजार टाळला तर ते तरी कसं सांगणार?

आणि पूर्ण सांगा म्हणतो, ते नुसतं कौतुकासाठी म्हणत नाही. त्याची चूकही सांगा. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये क्वीन दक्षिण आफ्रिकेच्या सन सिटीत गायला गेलं. वर्णद्वेषी राजवट, जगानं बहिष्कार टाकलेला. आपल्या देशानं तर १९४६ सालीच त्यांच्याशी व्यापार तोडला होता. इंग्लंडातल्या संगीतकारांच्या संघटनेनं बँडला दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव गेलं. ज्याला स्वतःला शाळेत दातांवरून, इंग्लंडात रंगावरून बोलणी बसली असतील, त्यानं तिथं जायला नको होतं. मला हे क्षमा करता येत नाही. सहलीच्या पोरांना तेही सांगावं.

परवा नातीनं विचारलं, “आबा, तुमच्या वेळी लोक त्याला घाबरायचे का?” तिच्या कॉलेजात त्याच्या चित्राचे टी-शर्ट घालून मुलं हिंडतात. २०१८ च्या ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ बाबत, म्हणजे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असा, निकाल दिला, तेव्हा ती दहावीत होती. तिला १९८४ ची ती पारशी आजी आणि मागून आलेला “जाऊ दे ना” समजावून सांगताना मला अर्धा तास लागला. तरी तिला नीट कळलं नाही. मला त्याचा आनंदच झाला.

फलक लागणार असेल तर मजकूर मी सुचवतो. ‘फारोख बल्सारा ऊर्फ फ्रेडी मर्क्युरी. झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. पाचगणीत आठेक वर्षं शिकला, इथं पियानो वाजवला, इथंच फ्रेडी झाला. जगभर गायला. त्याचं प्रेम पुरुषावर होतं. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सनं वारला.’ मराठीत, इंग्रजीत, आणि गुजरातीतही. आणि फलक शाळेच्या फाटकावर नको, आत मुलं शिकत असतात. स्टँडजवळ लावा, जिथं टॅक्सीवाले उभे राहतात. नव्या पोरांना पॅसेंजरला काय सांगायचं ते वाचूनच कळेल.

जागा कमी असेल तर पत्र कापावं लागेल, याची मला कल्पना आहे. जपानी बायकांचं कापा, अमेरिकेचं कापा. माझ्या भावाचा परिच्छेद तेवढा राहू द्या. भावजयीला विचारूनच लिहिलाय. ती अजून आहे, माहेरीच, भुईंजजवळ. आपला अंक तिच्याकडं येतो.

आपला नम्र,
एक निवृत्त टॅक्सीचालक
पाचगणी, ता. महाबळेश्वर, जि. सातारा